प्रोटीनचं मॉडेल सपोर्ट काढतानाच तुटतं, तेव्हा सेटिंगच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जवळ ०.४ मिमी नोझलचा, प्लॅस्टिकची तार (फिलामेंट) वितळवून छापणारा साधा थ्री-डी प्रिंटर आहे. प्रोटीन डेटा बँकेतून हिमोग्लोबिन उतरवलं, रिबनच्या, म्हणजे फितीच्या रूपात छापायची एसटीएल फाइल काढली आणि तीनदा छापून पाहिलं. पहिल्यांदा अर्ध्यावर दोऱ्यांचा गुंता झाला. पुढच्या दोन वेळा छापून पूर्ण झालं, पण सपोर्ट (छापताना खालून दिलेले तात्पुरते टेकू) काढता काढता हेलिक्सच, म्हणजे साखळीची स्प्रिंगसारखी वेटोळीच, तुटून हातात आले. मॉडेल वर्गात मुलांच्या हातात द्यायचंय. तर आता तापमान आणि वेग बदलून बघावं, की सरळ रेझिन प्रिंटर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून छापणारा) घ्यावा?

माझं मत विचाराल तर इतक्यात दोन्ही नको. मी बरीच वर्षं रेणूंची मॉडेलं छापतोय, शिकवणाऱ्यांसाठीही आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठीही. तुटलेल्या हेलिक्सचा एक डबा माझ्याकडेही आहे. मी तो टाकून देत नाही, कारण कुठे तुटलं हे बघायला तो उपयोगी पडतो. त्यातले बहुतेक तुकडे प्रिंटरच्या चुकीने तुटलेले नाहीत. छापायला जे दिलं होतं तेच टिकणारं नव्हतं.

असं बघा. रिबन हे मुळात चित्र आहे. जेन रिचर्डसन या शास्त्रज्ञ; त्यांनी १९८१ मध्ये प्रोटीनच्या रचनांवर मोठा लेख लिहिला, त्यातल्या फिती त्यांनी हाताने काढल्या होत्या. अमिनो आम्लांची साखळी कुठून कुठे वळते हे कागदावर डोळ्याला चटकन कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यासाठी बाकी सगळं गाळलं: अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या गेल्या, हायड्रोजन बंध गेले, आतली गच्च भरलेली जागा गेली. खऱ्या प्रोटीनच्या पोटात मोकळी जागा फार थोडी असते. अणू एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि त्या खेटण्यावरच घडी टिकते. म्हणजे प्रोटीनला जे जे धरून ठेवतं ते सगळं आपण पुसतो, आणि उरलेली बारीक फीत आधी गुरुत्वाकर्षणाच्या आणि मग मुलांच्या हवाली करतो. ती तुटणारच.

ही अडचण आजची नाही. शास्त्रज्ञ जॉन केंड्र्यू यांच्या गटाने १९५८ मध्ये मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रोटीनची पहिली अंधुक रचना मांडली, तेव्हा मॉडेल प्लॅस्टिसिनचं होतं. वेटोळी घातलेलं एखादं जाड आतडं असावं, तसं ते दिसायचं. १९६० मध्ये २ अँगस्ट्रॉमपर्यंतचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) तपशील मिळाला आणि अणूंची जागा दाखवणारं मॉडेल बांधायची वेळ आली. प्रमाण होतं एका अँगस्ट्रॉमला ५ सेंटिमीटर. ते सगळं हवेत उभं राहावं म्हणून सुमारे २,५०० उभ्या सळ्या लावाव्या लागल्या. फोटो पाहिलात तर आधी सळ्यांचं रान दिसतं, प्रोटीन मागाहून. त्या सळ्या म्हणजे त्या काळातले सपोर्टच, फक्त ते काढून टाकायची सोय नव्हती. तेव्हा प्रश्न तोच आहे: गाळलेल्या आधाराच्या जागी आपण काय ठेवणार, आणि ते ठेवलेलं दिसणार कसं?

याचं उत्तर मॉडेल कशासाठी हवंय यावर ठरतं, आणि तेवढं तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. मुलांना घडी दाखवायची असेल, म्हणजे कुठे हेलिक्स, कुठे शीट (शेजारी शेजारी पडलेल्या पट्ट्या), साखळीची टोकं कुठे, तर रिबन किंवा कण्याची, म्हणजे साखळीच्या मुख्य धाग्याची, नळी लागेल. एक रेणू दुसऱ्यात कसा बसतो, खाच कुठे आहे, पृष्ठभाग कसा खडबडीत आहे हे दाखवायचं असेल तर रिबनचा काही उपयोग नाही, पृष्ठभागाचं मॉडेल हवं. एन्झाइमच्या खाचेत नेमकं कोणतं रसायन घडतं हे सांगायचं असेल, तर सगळं प्रोटीन छापायचीच गरज नाही. त्या खाचेभोवतीची दहा-बारा अमिनो आम्लं मोठ्या आकारात, काड्या-गोळ्यांच्या रूपात छापा, बाकी सोडून द्या. एकाच मॉडेलमध्ये तिन्ही दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही व्हायचा. अशा मॉडेलची तारीफ खूप होते, पण हातात घेतल्यावर त्यातून कुणाला काही उमगत नाही.

छापायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात टणक प्रकार पृष्ठभागाचा. पाण्याच्या रेणूएवढा, म्हणजे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा प्रोटीनवरून सगळीकडे फिरवला तर तो जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतचा आकार म्हणजे हा पृष्ठभाग. बटाट्यासारखा भरीव गोळा येतो, सपोर्ट फक्त खालच्या बाजूला लागतो, जमिनीवर पडला तरी काही होत नाही. पण आत काय आहे हे त्यातून अजिबात कळत नाही.

आता हिशोबाकडे येऊ, कारण तुमची मॉडेलं मुख्यतः इथे तुटली आहेत. एसटीएल फाइलला एकक नसतं. रेणू दाखवणारी सॉफ्टवेअर त्यात अँगस्ट्रॉमचे आकडे लिहितात आणि स्लायसर (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) तेच आकडे मिलिमीटर समजून वाचतो. त्यामुळे काहीही न बदलता छापलं तर १ अँगस्ट्रॉम = १ मिमी, म्हणजे बरोबर एक कोटी पट मोठा आकार. (मुलांना सांगायला हे छान आहे: माणूस एक कोटी पट मोठा केला तर साधारण १७,००० किलोमीटर उंच होईल, पृथ्वीच्या व्यासापेक्षा जास्त.) या मापात हिमोग्लोबिन जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचं होतं. काइमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला येणारी फीत अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या आसपास जाड असते. ती छापताना झाली अर्धा मिलिमीटर, म्हणजे तुमच्या ०.४ च्या नोझलची एकच रेघ. एका रेघेच्या भिंतीला चिमट्याने ओढल्यावर दुसरं काय होणार?

म्हणून मी उलटीकडून सुरुवात करतो. आधी हातात टिकणारी जाडी मिलिमीटरमध्ये ठरवतो, मग ती अँगस्ट्रॉममध्ये बदलतो. पीएलए फिलामेंटमध्ये, मुलांनी हाताळायच्या मॉडेलसाठी, कुठलाही भाग २ मिमीपेक्षा बारीक नको असा माझा नियम आहे. साखळीचे नुसते लूप (हेलिक्स आणि शीट यांना जोडणारे मोकळे भाग) असतील तिथे अडीच-तीन. प्रमाण १ अँगस्ट्रॉमला २ मिमी धरलं तर लूपची नळी सव्वा ते दीड अँगस्ट्रॉम व्यासाची करायची, फीत निदान एक अँगस्ट्रॉम जाड आणि अडीच ते तीन रुंद. पडद्यावर हे बेढब दिसतं, पण तिकडे लक्ष देऊ नका. मॉडेल हातात घेऊन बघायचंय, पडद्यावर नाही.

फीत किती जाड करायची यालाही मर्यादा आहे. अल्फा हेलिक्सचा एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉम उंचीचा असतो, त्यात ३.६ अमिनो आम्लं येतात. दुप्पट प्रमाणात हा वेढा १०.८ मिमी. त्यात ५ मिमी रुंदीची फीत बसली की दोन वेढ्यांमध्ये साडेपाच-सहा मिमी फट उरते, तिथून सपोर्ट काढायला चिमट्याचं टोक जातं. फीत याहून रुंद केलीत तर हेलिक्सची नळकांडीच होईल आणि आतला सपोर्ट आतच राहील. प्रमाण वाढवायचं तर फिलामेंट आणि वेळही लक्षात घ्या. सगळ्या बाजू दुप्पट केल्या की माल साधारण आठपट लागतो, आणि वेळही त्याच अंगाने वाढतो.

यानंतर आधाराचं बघू. इथे थोडं थांबून लिहितो, कारण नवीन माणूस हेच सोडून देतो.

पहिला आधार खरा असतो, म्हणजे प्रोटीनमध्ये असलेलाच. हायड्रोजन बंध. बीटा शीटमध्ये शेजारच्या दोन स्ट्रँडना, म्हणजे पट्ट्यांना, तेच बांधून ठेवतात. हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्ल पुढच्या चौथ्याशी असंच बांधलेलं असतं. काइमेराएक्सला हायड्रोजन बंध शोधायला सांगा, ते तुटक रेघांऐवजी सलग काड्यांच्या रूपात दाखवा आणि काडीची त्रिज्या वाढवून फितीबरोबर छापा. बंध अणूंमध्ये असतात, त्यामुळे कण्याचे अणूही काड्यांच्या रूपात दाखवावे लागतात, नाहीतर बंधाची टोकं फितीला न चिकटता अधांतरी राहतात. हे केल्यावर शीट एकदम ताठ होते, हात लावताच फरक कळतो. मी वर्गात कधीकधी एकाच शीटचे दोन तुकडे देतो, एक बंधांसकट आणि एक बंधांशिवाय, आणि दोन्ही हलकेच वाकवायला सांगतो. बंधांशिवायचा तुकडा सहज वाकतो आणि पाच-सहा वर्ग झाले की तुटतो. तो पुन्हा छापावा लागतो, त्याची तयारी ठेवा.

दुसरा आधार खोटा. दोन हेलिक्स एकमेकांशेजारी असतात, पण त्यांच्यामधल्या बाजूच्या साखळ्या आपण गाळलेल्या असतात. ती फट भरायला खांब घालावे लागतात. काइमेराएक्समध्ये यासाठी ‘स्ट्रट्स’ नावाची कमांडच आहे. जागेने जवळ पण साखळीच्या क्रमाने लांब असलेल्या ठिकाणांमध्ये ती आपोआप दांड्या टाकते. दांडीची जास्तीत जास्त लांबी आणि जाडी तुम्ही सांगायची. मी तिच्यावर आंधळा विश्वास टाकत नाही. ती कधी खाचेच्या तोंडावरच दांडी घालते, कधी साखळीचं मोकळं टोक विसरते. छापण्याआधी मॉडेल फिरवून बघा आणि दोनच गोष्टी तपासा: प्रत्येक लांब लूपला मधे कुठेतरी आधार आहे ना, आणि दोन्ही टोकं कशाला तरी बांधली आहेत ना. जास्तीच्या दांड्या काढून टाका. आणि खांब खोटे आहेत हे मुलांना दिसू द्या. रंग बदलता येत नसेल तर छापल्यावर राखाडी रंगवून टाका. एकदा मी न रंगवताच मॉडेल दिलं. एका मुलाने वहीत चित्र काढून ‘दोन हेलिक्समधला बंध’ असं नाव दिलं होतं. चूक त्याची नव्हती.

आता तुमच्या हिमोग्लोबिनकडे. तुम्ही कोणती फाइल घेतली ते लिहिलेलं नाही, आणि त्याने फरक पडतो. ऑक्सिजन न घेतलेल्या मानवी हिमोग्लोबिनसाठी ४एचएचबी (4HHB) ही फाइल चांगली आहे, तिच्यात चारही साखळ्या आहेत. ऑक्सिजन घेतलेल्यासाठी १एचएचओ वापरतात, पण ती तशीच उघडली तर फक्त दोन साखळ्या दिसतात. स्फटिकातला जेवढा भाग पुन्हा पुन्हा येतो तेवढाच त्या फाइलमध्ये आहे, उरलेला अर्धा सममितीने तयार करावा लागतो. उतरवताना ‘बायॉलॉजिकल असेंब्ली’ निवडली की पूर्ण रेणू मिळतो. हे माहीत नसल्यामुळे अर्धंच हिमोग्लोबिन छापून ‘बाकीचं कुठे गेलं’ विचारणारे लोक मला नेहमी भेटतात.

पण मुळात, हिमोग्लोबिन रिबनमध्ये छापूच नका, निदान पहिलं मॉडेल तरी. दोन अल्फा साखळ्या १४१ अमिनो आम्लांच्या, दोन बीटा १४६ च्या, आणि सगळे हेलिक्स वेगवेगळ्या दिशांना. कुठल्याही बाजूने प्लेटवर ठेवा, काही हेलिक्स वाईट दिशेत येणारच. शिवाय हिमोग्लोबिनमध्ये शिकवण्यासारखं काय आहे? घडी शिकवायला मायोग्लोबिन पुरतं. त्याच्यातही आठ हेलिक्स आणि एक हीम (ऑक्सिजन धरणारा लोहाचा भाग) आहे, आणि साखळी एकच. हिमोग्लोबिनची खरी गंमत साखळ्यांच्या हालचालीत आहे.

म्हणून मी ते पृष्ठभागाच्या रूपात छापतो, आणि चार तुकड्यांत नाही, दोन तुकड्यांत. एक अल्फा आणि तिला घट्ट चिकटलेली बीटा मिळून एक अर्धा भाग, तसाच दुसरा. ऑक्सिजन घेताना या जोड्यांच्या आत फारसं काही हलत नाही. एक जोडी दुसरीच्या मानाने सुमारे १५ अंशांनी फिरते. चार सुटे तुकडे दिले की मुलं ते कोड्यासारखे जुळवत बसतात आणि ही हालचाल बाजूलाच राहते. दोन तुकडे दिले की ते हातात फिरवून बघतात, आणि मधली पोकळी आवळते हे त्यांचं त्यांना दिसतं. त्याच पोकळीत, दोन बीटा साखळ्यांच्या मधे, २,३-बीपीजी नावाचा छोटा रेणू बसतो आणि ऑक्सिजन नसलेली स्थिती टिकवून धरतो. तो वेगळ्या रंगात सुटा छापा. ऑक्सिजन नसलेल्या मॉडेलमध्ये तो बसतो, दुसऱ्यात जागाच उरत नाही. हे सगळं तोंडाने सांगायला दहा मिनिटं लागायची. आता मी फक्त तो तुकडा पुढे करतो.

दोन भाग जोडायला ३ मिमी व्यासाचे, २ मिमी जाडीचे निओडिमियम चुंबक वापरतो. भोक ०.१ ते ०.२ मिमी मोठं ठेवायचं आणि चुंबक सायनोअॅक्रिलेट गोंदाने चिकटवायचा. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या वरच्या तोंडावर मार्करने खूण करा. मी दोनदा एका अर्ध्या भागातले सगळे चुंबक उलटे बसवले आहेत, आणि एकमेकांना ढकलणारं हिमोग्लोबिन घेऊन बसलो आहे. दोन्ही भागांचे पृष्ठभाग वेगवेगळे काढले असले तरी जिथे हायड्रोजन बंध आहेत तिथे ते एकमेकांत थोडे घुसतात. स्लायसरमध्ये ‘हॉरिझॉन्टल एक्सपान्शन’ उणे ०.१ केलंत आणि राहिलेलं सॅंडपेपरने घासलंत की बसतात.

फाइल साफ करताना मला ठेचा लागलेल्या दोन-तीन जागा सांगतो. पाण्याचे रेणू आधी काढा, नाहीतर ते सुटे गोळे म्हणून छापले जातात. स्फटिकात काही लूप नीट दिसलेले नसतात, तिथे साखळी तुटलेली असते आणि सॉफ्टवेअर तुटक रेघ दाखवतं. ती रेघही एसटीएलमध्ये जाते, आणि मग प्रिंटर हवेत बारीक ठिपके छापायला बघतो. दोऱ्यांचा गुंता होण्याचं हेही एक कारण असतं. ती रेघ बंद करून फट दांडीने जोडा. (४एचएचबीमध्ये ही भानगड नाही, त्यामुळे तुमचा गुंता बहुधा बारीक फितीचाच.) अल्फाफोल्ड या संगणक प्रोग्रामने केलेलं रचनेचं भाकीत वापरणार असाल तर फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या (अणूची जागा किती अस्थिर ते सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी लिहिलेला विश्वासाचा आकडा बघा. तो ५० च्या खाली असलेल्या लांब शेपट्या रचना म्हणून गंभीरपणे घ्यायच्या नसतात, कापून टाका. त्या डेटाबेसमधल्या फाइलींत हीमही नसतो, म्हणून हिमोग्लोबिनसाठी प्रयोगातून मिळालेली रचनाच घ्या.

प्लेटवर ठेवण्याची दिशा. फिलामेंटचं मॉडेल थरांच्या सांध्यात तुटतं, त्यामुळे सरळ उभा बारीक खांब सगळ्यात कच्चा. मी मॉडेल असं तिरकं करतो की महत्त्वाचे हेलिक्स आणि लूप उभे न येता साधारण ४५ अंशांत यावेत. सगळ्यांचं जमत नाही, जमत नाहीत त्यांना एक दांडी जास्त देतो. जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, याला अपवाद आहे: ११ स्ट्रँडचं पिंप, उभं ठेवलं तर स्ट्रँड एकमेकांच्या आधाराने वर चढतात आणि सपोर्ट फारच कमी लागतो. फक्त आतला चमकणारा भाग दिसायला पिंप मधून कापावं लागतं.

सपोर्टसाठी झाडासारखा प्रकार निवडा, जाळीसारखा नको. सपोर्ट आणि मॉडेल यांच्यातली उभी फट ०.२ मिमी ठेवा, थर ०.१२ ते ०.१६. दोन फिलामेंट चालवता येणारा प्रिंटर कधी मिळाला तर पीएलए मॉडेलला फक्त स्पर्शाच्या जागी पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकचा सपोर्ट द्या. दोघांची एकमेकांशी चिकटण्याची जात नाही, सपोर्ट हाताने निघतो. पाण्यात विरघळणारा पीव्हीएही चांगला, पण तो हवेतला ओलावा इतका पितो की उघडा ठेवला तर छापताना फुटफुटायला लागतो. काढताना घाई नको. आधी बाहेरच्या फांद्या कटरने छाटा, ओढू नका. हेलिक्सच्या आतला सपोर्ट टोकदार चिमट्याने एका वेढ्यातून एकदाच, थोडा पिळून. पिळलं की तो थरात तुटतो, ओढलं की हेलिक्स तुटतो.

रेझिनचं आता सांगतो. तपशील अप्रतिम येतो, थर ०.०५ मिमीचे, खाचेतला खडबडीतपणा बोटाला लागतो. पण नेहमीचं रेझिन ठिसूळ असतं. तुमचीच बारीक फीत रेझिनमध्ये छापलीत तर सपोर्ट काढताना वाचेल, पण पहिल्यांदा टेबलावरून पडली की संपली. शिवाय हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुणं, मग प्रकाशात पक्कं करणं, हवा खेळती ठेवणं हे सगळं आलंच. कच्च्या रेझिनची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की पाठ सोडत नाही. पृष्ठभागाचं मॉडेल आतून पोकळ करून छापलं तर निचऱ्याची भोकं ठेवलीच पाहिजेत. प्रोटीनच्या पोटातल्या छोट्या बंद पोकळ्याही सॉफ्टवेअर पृष्ठभाग म्हणून काढतं, त्या आधी काढून टाका, कारण त्यांच्यात न सुकलेलं रेझिन अडकतं. माझं असंच एक मॉडेल काही आठवड्यांनी कपाटात तडकलं आणि खालची वही चिकट झाली. वर्गात फिरणाऱ्या रिबनसाठी मी आजही फिलामेंटच वापरतो. रेझिन ठेवलंय ते छोट्या रेणूंसाठी आणि काचेआड राहणाऱ्या मॉडेलांसाठी.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण न सांगता राहवत नाही: आरसा. स्लायसरमध्ये मॉडेल फिरवताना चुकून ‘मिरर’ दाबलं गेलं, किंवा रेझिन प्रिंटरचं चुकीचं प्रोफाइल निवडलं, तर उजवा हेलिक्स डावा होऊन येतो आणि डोळ्याला काहीच खटकत नाही. माझं एक मायोग्लोबिन असं उलटं होऊन कित्येक महिने फळीवर उभं होतं. एका विद्यार्थिनीने बोटांनी मोजून दाखवलं तेव्हा कळलं. १९५१ मध्ये अल्फा हेलिक्स जगापुढे आला त्या मूळ लेखातलं रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचं चित्रही डाव्या हेलिक्सचंच होतं, एवढाच काय तो मला दिलासा. तपासायला टेबलावर एक साधा स्क्रू ठेवा. स्क्रू उभा धरला की समोरचे आटे खालून डावीकडून वर उजवीकडे चढतात. मॉडेलमधल्या हेलिक्सचे समोरचे वेढेही तसेच चढले पाहिजेत. याहून सोपी युक्ती म्हणजे मॉडेलच्या एखाद्या दांडीवर किंवा बैठकीवर फाइलचं नाव आणि प्रमाण कोरा, पण रेणूबरोबर त्याच फाइलमध्ये. रेणू उलटा झाला तर अक्षरंही उलटी येतील.

तर सुरुवात कुठून करायची? हिमोग्लोबिनला हात लावण्याआधी युबिक्विटिन हे छोटं प्रोटीन छापा, फाइल १यूबीक्यू (1UBQ). फक्त ७६ अमिनो आम्लं, एक ठळक हेलिक्स, एक शीट, लूप आणि बाहेर आलेली एक मोकळी शेपटी. म्हणजे तुमच्या सगळ्या अडचणी एका मुठीएवढ्या वस्तूत. प्रमाण १ अँगस्ट्रॉमला २ मिमी, फीत २ मिमी जाड, शीटमध्ये हायड्रोजन बंध, हेलिक्स आणि शीटच्या मधे तीन-चार दांड्या, शेपटीच्या टोकाला एक. सपोर्ट काढा आणि मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. लूपमध्ये तुटलं तर नळी अर्धा मिलिमीटर जाड करा. दांडीच्या सांध्यात तुटलं तर दांडी फितीत पुरेशी शिरलेली नाही, तिची टोकं लांबवा. सपाट चकतीसारखं थरात सुटलं तर दिशा बदला, आणि मग हवं तर नोझलचं तापमान पाच-दहा अंशांनी वाढवा. तीनदा टाकून टिकलं की तेच आकडे घेऊन मायोग्लोबिनकडे जा.